सव्वीस धंद्यांचा रब्बी

लेओन मोदेनाने आपल्या आत्मचरित्रात एके ठिकाणी, पोटासाठी आजवर काय काय केलं त्याची यादी दिली आहे. ज्यू मुलांना शिकवणं, ख्रिस्ती विद्यार्थ्यांना शिकवणं, प्रवचनं, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) प्रार्थना गाणं, धर्मनिर्णय देणं, तंटे सोडवणं, लोकांची पत्रं लिहून देणं, लग्नासाठी कविता, थडग्यासाठी कविता, इटालियन सुनीतं, नाटकं लिहिणं, ती बसवणं, करारनामे लिहिणं, भाषांतरं, छापखान्यात मुद्रितं तपासणं, संगीत, ताईत आणि गुप्त तोडगे विकणं, दलाली, लग्नं जुळवणं... असे एकूण २६ धंदे. आणि एवढं सगळं करूनही हाती फारसं काही लागलं नाही, असा त्याचा सूर. यादीत एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे जुगार. तो त्याने आयुष्यभर खेळला; पण त्यातून कमाई कधी झालीच नाही, म्हणून धंद्यांत धरला नसावा.

हा माणूस सतराव्या शतकातल्या व्हेनिसचा सर्वांत नामांकित रब्बी होता. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे. ज्यू धर्मशास्त्राचा अधिकारी जाणकार, शिक्षक आणि निर्णय देणारा शास्त्री, असं म्हटलं तर ते जास्त जवळ जाईल. हिब्रूत मोदेनाचं नाव येहुदा आर्ये. आर्ये म्हणजे सिंह, म्हणून इटालियनमध्ये लेओन. त्याच्या आधीच्या आणि त्याच्या काळातल्या बहुतेक हिब्रू लेखकांनी शास्त्रावर भाष्यं लिहिली, भाष्यांवर टीका लिहिल्या. मोदेनानेही ते केलं. पण त्याच्या लेखणीला रोज गिऱ्हाईक शोधावं लागे, आणि माझ्या मते त्याचं लेखन आजही वाचवतं ते त्यामुळेच. ज्याला घरभाड्याची चिंता नाही त्याला अशी शंभर तऱ्हांची माणसं जवळून दिसत नाहीत.

जन्म २३ एप्रिल १५७१ चा, व्हेनिसमधला. पण घर फेरारातलं. १५७० च्या नोव्हेंबरात फेरारात भूकंप झाला, आई-वडील जीव वाचवून व्हेनिसला आले आणि तिथे हा जन्मला. पुढे बालपण फेरारा आणि आसपासच्या लहान गावांत गेलं. घराण्यात नावाजलेले वैद्य होऊन गेलेले, वडील खाऊनपिऊन सुखी. मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याने सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथातला उतारा म्हणून दाखवला, असं तो स्वतः सांगतो. आत्मचरित्रकार स्वतःच्या बालपणाबद्दल सांगतात ते थोडं चाळूनच घ्यावं, पण मुलगा तल्लख होता यात शंका नाही. हिब्रूबरोबर लॅटिन, गायन, नृत्य, इटालियन काव्य असं त्या काळच्या इटालियन सभ्य घरातलं सगळं शिक्षण त्याला मिळालं. मग वडिलांचे दिवस फिरले आणि पैसा गेला तो गेलाच.

तेराव्या वर्षी त्याने दोन गोष्टी लिहिल्या, आणि पुढचा अख्खा मोदेना त्या दोन्हींत दिसतो. पहिली, आपल्या गुरूच्या मृत्यूवरची आठ ओळींची कविता. ती हिब्रू म्हणून वाचली तर हिब्रू विलापिका. पण तेच उच्चार इटालियन कानाने ऐकले तर त्यांतून इटालियन कविता उभी राहते, विषय पुन्हा मृत्यूच. भाषा दोन, आवाज एक. ही नुसती कसरत आहे असं म्हणून कुणी नाक मुरडेल. पण वस्तीच्या कुंपणाच्या आत हिब्रू आणि बाहेर इटालियन अशा दोन जगांत रोज ये-जा करणाऱ्या मुलालाच हे सुचू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जुगाराविरुद्धचं छोटं पुस्तक, दोन मित्रांच्या संवादाच्या रूपातलं. एल्दाद जुगार हे पाप कसं ते सांगतो आणि मेदाद जुगाराची बाजू घेतो. मेदाद व्यापाराचं उदाहरण देतो: समुद्रात जहाज सोडणारा व्यापारी काय नशिबावर पैसे लावत नाही? शेवटी जिंकतो एल्दाद, पण वाद रंगतो तो मेदादमुळे. हे पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय १५९५ च्या सुमारास व्हेनिसमध्ये छापलं गेलं आणि पुढे लॅटिन, जर्मन, फ्रेंचमध्ये गेलं. गंमत पाहा: १५९४ च्या डिसेंबरात, हनुक्का सणाच्या दिवसांत, सैतानाने आपल्याला भुलवलं आणि आपण खेळात सुमारे १०० डुकाट (व्हेनिसचं चलन) घालवले, अशी कबुली याच लेखकाने आत्मचरित्रात दिली आहे. पुस्तक छापायला जाण्याच्या आसपासचीच ही गोष्ट.

लग्नाची कथा तर एखाद्या नाटकात घातली असती तर प्रेक्षकांना पटली नसती. मामे-मावस नात्यातल्या एस्थेरशी त्याचं लग्न ठरलं होतं. १५९० साली लग्नाची वेळ आली आणि मुलगी अंथरुणाला खिळली. ती गेली. दोन्हीकडच्या नातलगांनी मोडलेलं नातं पुन्हा जोडायचं म्हणून तिच्या धाकट्या बहिणीशी, राखेलशी, त्याचं लग्न लावून दिलं. हा संसार पुढे जवळजवळ साठ वर्षं चालला, आणि त्याच्या उत्तरार्धात भांडणांना तोटा नव्हता.

१५९२ मध्ये तो व्हेनिसला आला आणि अधूनमधून फ्लॉरेन्स, फेरारा वगैरे ठिकाणी नोकरीला जाऊन आला तरी शेवटपर्यंत व्हेनिसचाच राहिला. ही वस्ती समजून घेतल्याशिवाय मोदेना समजत नाही. २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सरकारने शहरातल्या ज्यूंना कान्नारेज्जो भागातल्या, चहूकडून कालव्यांनी वेढलेल्या एका बेटावर राहायला लावलं. तोच पहिला घेट्टो. रात्री दरवाजे बंद होत. दरवाज्यावरचे पहारेकरी ख्रिस्ती, आणि त्यांचा पगार कोण देणार? आत कोंडलेले ज्यूच. जागा विकत घेता येत नसे, भाड्याने राहावं लागे. पसरायला जागा नाही म्हणून घरं वर चढत गेली. सात-सात मजले, छत इतकं खाली की उंच माणसाने वाकूनच चालावं. आजही तिथे गेलं तर त्या बुटक्या खिडक्यांच्या रांगा आसपासच्या इमारतींपेक्षा वेगळ्या ओळखू येतात. धंदे ठरवून दिलेले: गहाणवट ठेवून गरिबांना कर्ज देणं, जुन्या कपड्यांचा आणि वस्तूंचा व्यापार, वैद्यकी. बाहेर पडताना डोक्यावर ठरावीक रंगाची टोपी सक्तीची. १५४१ मध्ये ऑटोमन साम्राज्यातून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांसाठी शेजारचा भाग जोडला गेला. मग जर्मन ज्यू, इटालियन ज्यू, पूर्वेकडचे, स्पेन-पोर्तुगालमधून पळून आलेले, असे प्रत्येकाचे वेगवेगळे सिनेगॉग, वेगवेगळ्या प्रार्थना, वेगवेगळी जेवणं आणि सतत चाललेली भांडणं.

पण दिवसा दरवाजे उघडे असत, आणि या उघड्या दरवाज्यांतून बाहेरचं व्हेनिस आत येई. कर्जासाठी येई, औषधासाठी येई, आणि मोदेनाची प्रवचनं ऐकायलाही येई. त्याच्या प्रवचनांना ख्रिस्ती पाद्री, परदेशी सरदार हजेरी लावत. १६२९ मध्ये फ्रान्सच्या राजाचा सख्खा भाऊ ऐकायला आला होता. तालमुदातला, म्हणजे जुन्या रब्बींच्या धर्मचर्चांच्या संग्रहातला, मुद्दा इटालियन वक्तृत्वशास्त्राच्या बांधणीत बसवून सांगायची त्याची हातोटी होती. इटालियन सिनेगॉगमध्ये तो कित्येक दशकं हझ्झान, म्हणजे प्रार्थना गाणारा, होता. रब्बी म्हणून अधिकृत मान्यता मिळाली ती १६०९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

त्याच १६०९ सालात व्हेनिसमध्ये सचित्र हग्गादा छापली गेली. पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरी जेवणाच्या वेळी वाचायची ही पोथी. बायकामुलांनाही कळावी म्हणून तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या, प्रत्येकीत एकेका बोलीतला अर्थ. त्यातला इटालियन अर्थ मोदेनाचा, तोही हिब्रू लिपीत. (हीच गरज जगभरच्या ज्यूंना पडली. आपल्याकडे बेने इस्राएलींसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, हिब्रूसोबत मराठी अर्थ दिलेली हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत निघाली.)

संगीताबद्दल तो बोलू लागला की त्याचा आवाज बदलतो. जेरुसलेमचं मंदिर पडल्यापासून शोक म्हणून सिनेगॉगमध्ये वाद्यं आणि कलात्मक गायन नको, असा जुना दंडक होता. १६०५ मध्ये फेराराच्या सिनेगॉगमध्ये सहा-आठ गळ्यांनी, वेगवेगळ्या स्वरांत पण मिळून, प्रार्थना गायली तेव्हा गदारोळ झाला. मोदेनाने गाणाऱ्यांच्या बाजूने धर्मनिर्णय लिहिला: देवाने सुंदर आवाज दिला तर तो देवासाठी वापरायचा नाही तर कशासाठी? पुढे मांतुआच्या दरबारातला ज्यू संगीतकार सालामोने रोस्सी याने हिब्रू स्तोत्रांना बहुस्वरी चाली दिल्या. १६२२-२३ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या त्या संग्रहाची सगळी देखरेख मोदेनाची, प्रस्तावनाही त्याची. छपाईतली अडचण बघण्यासारखी होती. स्वरलेखन डावीकडून उजवीकडे जातं, हिब्रू उजवीकडून डावीकडे. शेवटी स्वर त्यांच्या दिशेने आणि शब्द त्यांच्या दिशेने, असं न तोडता छापलं. गाणाऱ्याने डोळ्यांनी एकीकडे आणि तोंडाने दुसरीकडे जायचं. मला तर हे पान म्हणजे त्या वस्तीचा नकाशाच वाटतो. १६२८ च्या सुमारास घेट्टोत एक संगीत मंडळी उभी राहिली आणि तिचा प्रमुख अर्थातच मोदेना होता. १६३०-३१ च्या प्लेगने व्हेनिसची एक तृतीयांश माणसं, सुमारे ४६,००० जीव, नेले. त्यात ती मंडळीही विस्कटली.

आता घरची बाजू. थोरला मुलगा मोर्देखाय किमयेच्या नादी लागला. एका पाद्र्याकडून ती विद्या शिकला, घेट्टोत जागा घेऊन भट्टी लावली. १६१५ मध्ये त्याने नऊ औंस शिसं आणि एक औंस चांदी यांतून दहा औंस शुद्ध चांदी काढली, असं मोदेना लिहितो. आपण ती स्वतः पारखली आणि विकलीही, असंही तो सांगतो. बाप किती खूश झाला होता ते त्या मजकुरातून लपत नाही. याचं उत्पन्न वर्षाला हजार डुकाट होईल असा हिशोबही मांडून झाला होता. त्याच वर्षी मुलाच्या तोंडातून रक्त पडू लागलं. भट्टीतल्या वाफांनी फुफ्फुसं पोखरली होती. दोन वर्षं झिजून १६१७ च्या नोव्हेंबरात, सव्वीस वर्षांचा मोर्देखाय गेला. धाकटा झेबुलून, गोड गळ्याचा आणि तापट डोक्याचा, १६२२ मध्ये ज्यू तरुणांच्याच एका टोळीशी झालेल्या मारामारीत मारला गेला. मधला, इसहाक, परागंदा होऊन फिरत राहिला. बापाचं नाव पुढे चालवलं ते मुलीच्या मुलाने, दुसऱ्या इसहाकने. त्यालाही आजोबांपायी तुरुंग पाहावा लागला: ज्यूंना छापखान्यात काम करायला बंदी असताना तो आजोबांचं पुस्तक जुळवताना सापडला आणि १६३५ मध्ये दोन महिन्यांहून जास्त कोठडीत राहिला. व्हेनिस ही हिब्रू छपाईची जगातली राजधानी, पण छापखाने ख्रिस्ती सरदारांच्या मालकीचे, आणि १५५३ मध्ये याच शहरात तालमुदाच्या प्रती जाळलेल्या. एकाच शहरात दोन्ही होतं.

मोर्देखायच्या मृत्यूनंतर मोदेनाने आत्मचरित्र लिहायला घेतलं. हिब्रूत तोवर असं काही जवळजवळ नव्हतंच. मुलाबाळांसाठी आणि शिष्यांसाठी लिहितो, असं त्याचं म्हणणं. त्यात दुखणी आहेत, स्वप्नं आहेत, देणेकरी आहेत, जुगारात हरलेल्या रकमा आहेत. तरुणपणी त्याने चार ज्योतिष्यांकडून, दोन ज्यू आणि दोन ख्रिस्ती, पत्रिका मांडून घेतली होती. मृत्यू बावन्नाव्या वर्षी असं निघालं. पत्रिका मांडून घेतल्याचा पश्चात्ताप त्याला पुढे होत राहिला. बावन्न उलटलं आणि तो जगला, आणखी चोवीस वर्षं. ज्योतिषावर त्याचा विश्वास उडाला का? नाही.

जुगाराचा प्रश्न १६२८ मध्ये चव्हाट्यावर आला. घेट्टोच्या पंचांनी सहा वर्षं पत्ते आणि फासे बंद, खेळेल तो बहिष्कृत, असा हुकूम काढला. मोदेनाने त्याविरुद्ध शास्त्राधार देऊन निर्णय लिहून छापला: रब्बींच्या संमतीशिवाय पंचांना बहिष्काराचा अधिकार नाही, आणि जी बंदी बहुसंख्यांना पाळता येणारच नाही ती घातली तर लोक अधिक मोठ्या पापात पडतात. कायदेशीर युक्तिवाद म्हणून हे मजबूत आहे. लिहिणाऱ्याचा स्वार्थ उघड आहे म्हणून तो कमकुवत ठरत नाही. तेरा वर्षांच्या मुलाने ज्या मेदादला हरवलं होतं, त्याची वकिली साठीकडे झुकलेल्या रब्बीने अखेर स्वतःच्या सहीने केली.

त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक इटालियनमधलं आहे, पण त्यामागे हिब्रू पंडितच आहे. एका इंग्रज सरदाराने आपल्या राजाला भेट द्यायला ज्यू रीतिरिवाजांची माहिती मागितली, म्हणून त्याने ती १६१५ च्या आसपास लिहून दिली. जन्म, लग्न, सण, सोवळं-ओवळं, मयत, सगळं साध्या भाषेत, थट्टा नाही की प्रौढी नाही. ज्यूंबद्दलची अशी पुस्तकं तोवर ख्रिस्ती लोक लिहीत, बहुधा तुच्छतेने. इथे पहिल्यांदाच एक ज्यू, बाहेरच्या वाचकाला, त्याच्याच भाषेत, आपलं घर दाखवत होता. हस्तलिखित वीसेक वर्षं पडून होतं. मग ते त्याने झाक गाफारेल या फ्रेंच हिब्रू अभ्यासकाच्या हाती दिलं आणि १६३७ मध्ये त्याने ते पॅरिसमध्ये छापून टाकलं. बातमी कळताच मोदेनाची पाचावर धारण बसली. खासगी हस्तलिखितात बिनधास्त लिहिलेली काही वाक्यं आता इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायासनाच्या, हाती पडणार होती. स्वतःची दाढी उपटत आपण आक्रोश केला, असं तो सांगतो. मग त्याने हुशारी केली: कुणी चुगली करायच्या आत स्वतःच धर्मन्यायाधीशापुढे जाऊन सगळं कबूल केलं. मागाहून पत्र आलं की गाफारेलने आक्षेपार्ह भाग आधीच गाळला होता. १६३८ मध्ये सुधारलेली आवृत्ती व्हेनिसमध्ये निघाली. १६५० मध्ये इंग्रजी, १६७४ मध्ये फ्रेंच भाषांतर झालं आणि युरोपातल्या सुशिक्षित वाचकाला ज्यू धर्म कळला तो बराचसा याच पुस्तकातून.

हिब्रूतलं त्याचं सर्वांत धारदार पुस्तक १६३९ चं, ‘आरी नोहेम’, गर्जणारा सिंह. नावात स्वतःचा सिंह आहेच. विषय कब्बाला, म्हणजे ज्यू गूढविद्या. तिचा मुख्य ग्रंथ जोहार हा दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहाईचा, अशी श्रद्धा. मोदेना एखाद्या वकिलासारखी उलटतपासणी करतो. इतका जुना ग्रंथ असेल तर तालमुदात, त्यानंतरच्या शतकांतल्या लेखकांत त्याचा उल्लेख कसा नाही? त्यात नंतरच्या काळातल्या गोष्टी कशा शिरल्या? तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्येच अचानक का उगवला? त्याचा निष्कर्ष: ग्रंथ फार तर साडेतीनशे वर्षांचा. आधुनिक संशोधन बहुतांशी त्याच्याच बाजूने गेलं. त्याला राग आणखी एका गोष्टीचा होता: पिको देल्ला मिरांदोलासारखे ख्रिस्ती विद्वान कब्बालाच्याच आधाराने ख्रिस्ती धर्म खरा असं सिद्ध करू बघत होते. पुस्तक त्याने आपला लाडका शिष्य योसेफ हामित्झ याला उद्देशून लिहिलं, कारण शिष्य कब्बालाकडे ओढला गेला होता. आणि हाच लेखक तिकडे ताईत विकत होता! याला ढोंग म्हणता येईल. मी म्हणणार नाही. ताईत मागणारी माणसं दाराशी येत होती आणि भाडं थकलेलं होतं.

२१ मार्च १६४८ रोजी तो गेला, लिदो बेटावरच्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्याला पुरलं. शेकडो लोकांच्या थडग्यांवरचा मजकूर त्याने मोबदला घेऊन लिहिला होता. स्वतःचाही स्वतःच लिहून ठेवला.

बहुतेक महत्त्वाचं लेखन तेव्हा अप्रकाशित होतं. ‘आरी नोहेम’ १८४० मध्ये लाइपझिगला छापलं गेलं, दोनशे वर्षांनी. आत्मचरित्र पूर्ण छापलं गेलं ते १९११ मध्ये. आणि १८५२ मध्ये गोरित्सियाच्या इसाक सामुएल रेज्जो या अभ्यासकाने मोदेनाच्या कागदपत्रांतून एक जोडी प्रसिद्ध केली, तिच्यावरून अजून वाद चालू आहे. पहिला ग्रंथ ‘कोल साखाल’, मूर्खाचा आवाज: रब्बींनी शतकानुशतकं रचलेल्या नियमांवर घणाघाती हल्ला. प्रस्तावनेत म्हटलंय की हे १५०० साली स्पेनमधल्या एका अनोळखी माणसाने लिहिलं आणि मोदेनाच्या हाती आलं. दुसरं त्याला मोदेनाचं उत्तर, ‘सिंहाची गर्जना’. हल्ला पुस्तकभर लांब, सुसूत्र, मुद्देसूद. उत्तर दोन-चार पानांत आटपलेलं आणि मिळमिळीत. एकोणिसाव्या शतकातल्या ज्यू सुधारकांनी मोदेनाला आपला पूर्वज ठरवलं, सनातन्यांनी त्याला ढोंगी म्हटलं. हल्लाही त्याचाच, असं काही अभ्यासक म्हणतात. तो मजकूर दुसऱ्याचा, त्याने खंडनासाठी नकलून घेतला, असं काही. माझा कल पहिल्या मताकडे आहे. एल्दादला जिंकवायचं आणि मेदादला चांगले संवाद द्यायचे, ही खोड त्याला तेराव्या वर्षापासून होती.